पत्र वाचनालयाचं, पाकीट कोणाचं?

आमच्या परळच्या वाचनालयातून सभासदांना जाणारी मेल ‘मट’मधून जाते. मट हा टर्मिनलमध्ये चालणारा मेल प्रोग्रॅम. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, माउसला हात लावावा लागत नाही. सगळा कारभार कीबोर्डवर. मायकेल एल्किन्स यांनी तो १९९५च्या सुमारास लिहिला आणि आजही तो तितक्याच जोमाने चालतो. देणगीत मिळालेल्या आमच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडला की पंखा घरघरतो आणि काउंटरपाशी उभा असलेला सभासद घड्याळ बघायला लागतो. मट मात्र लगेच उघडतो. पण माझा जीव त्यावर जडला तो वेगळ्या कारणाने. त्यात काहीही झाकलेलं नसतं. कुठली मेल कोणाच्या नावाने आणि कुठल्या वाटेने गेली, हे टोकापर्यंत जाऊन बघता येतं. पाठवणाऱ्याच्या पत्त्याचा घोळ झाला तेव्हा त्याची किंमत कळली, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. सेटिंगची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत देते. फाइलीत ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची.

मेल कशासाठी, ते आधी सांगायला हवं. गिरणगावातल्या चाळी गेल्या, टॉवर आले आणि आमचे कितीतरी सभासद विरार, बदलापूर, डोंबिवलीला राहायला गेले. तरी वर्गणी कोणी बंद केलेली नाही. कामानिमित्त दादर-परळला येणं होतं तेव्हा पुस्तकं बदलून नेतात. अशा माणसांना मुदत संपायच्या आधी आठवण करावी लागते. एरवी चार दिवस इकडेतिकडे चालतात, पण दिवाळी अंकांच्या दिवसांत एक अंक अडकला की त्यामागे नंबर लावून बसलेले सगळे अडकतात. म्हणून रोज सकाळी सात वाजता लॅपटॉप देवघेवीच्या नोंदीतून मुदतीला आलेली नावं काढतो आणि मटकरवी आठवणपत्रं धाडतो. वेळ झाली की काम सुरू करून देणारा, लिनक्सवरचा ‘क्रॉन’ नावाचा प्रोग्रॅम हे करतो. ही व्यवस्था आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याने बसवली होती. तो आता पुण्याला असतो.

मधे जुन्या लॅपटॉपची डिस्क गेली. होम फोल्डरची, म्हणजे आपल्या फाइली जिथे राहतात त्या फोल्डरची, प्रत दुसरीकडे होती, ती देणगीतल्याच दुसऱ्या लॅपटॉपवर उतरवली. मटची फाइल आली, मेल सर्व्हरशी बोलणाऱ्या ‘एमएसएमटीपी’ची फाइल आली, आठवणपत्रांची स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालवायच्या आज्ञांची फाइल, आली. क्रॉनमधली ओळ छापील कागदावर होती, ती पुन्हा टाइप केली. हाताने एक मेल पाठवून पाहिली, ती व्यवस्थित पोचली. वाचनालयाचं नाव, वाचनालयाचा पत्ता, सगळं जागच्या जागी.

आठवणपत्रं मात्र जाईनात. दिवाळी अंकांचा हंगाम ऐन भरात आणि “ताई, मेल नाही आली, मग दंड कसला?” हा प्रश्न रोज काउंटरवर. तो रास्तच होता. कार्यवाह काकांनी त्या काळात विलंब शुल्क घेणंच थांबवलं.

एमएसएमटीपी प्रत्येक मेलमागे लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, एक ओळ टाकतो. तिथे प्रत्येक ओळीत ५५३ हा आकडा दिसत होता आणि वाक्य असं, की अमुक सभासदाचा पत्ता सर्व्हरने स्वीकारला नाही. संध्याकाळी मदतीला येणारा कॉलेजचा मुलगा म्हणाला, “ताई, सभासदांचे पत्तेच बिघडलेत. रजिस्टर परत तपासूया.” ओळ वाचून कोणालाही तेच वाटेल. पण त्या यादीत अशा एक बाई होत्या, ज्यांच्याशी माझा आदल्याच दिवशी त्याच पत्त्यावर पत्रव्यवहार झाला होता. म्हणून अख्खी ओळ वाचली. सर्व्हरचं स्वतःचं म्हणणं तिच्यातच होतं: ‘सेंडर अ‍ॅड्रेस रिजेक्टेड, नॉट ओन्ड बाय यूजर’. म्हणजे तक्रार मेल घेणाऱ्याबद्दल नव्हती, पाठवणाऱ्याबद्दल होती. ज्या पत्त्याने तुम्ही पाठवताय तो या खात्याचा नाही, एवढंच सर्व्हर सांगत होता.

मग चुकीच्या माणसाकडे बोट का? पोस्टफिक्ससारखे मेल सर्व्हर पाठवणाऱ्याचा पत्ता ऐकताना गप्प बसतात. नकार द्यायचा असला तरी घेणाऱ्याचा पत्ता सांगितला जाईपर्यंत ते थांबतात. मूळ रचनाच तशी आहे. त्यामुळे नकार घेणाऱ्याच्या पत्त्यापाशी आल्यासारखा दिसतो आणि लॉगमध्ये बिचाऱ्या सभासदाचं नाव लागतं. असा लॉग वाचताना अवतरणातलं, सर्व्हरच्या तोंडचं वाक्य आधी वाचावं, हे मी आता प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला सांगते.

त्याच ओळीत आणखी दोन गोष्टी होत्या. ‘फ्रॉम’पुढे वाचनालयाचा पत्ता नव्हता, लॅपटॉपवरचं लॉगिनचं नाव, मग अ‍ॅटचं चिन्ह, मग लॅपटॉपचं नाव, असा जगात कुठेच अस्तित्वात नसलेला पत्ता होता. आणि ‘यूजर’पुढे माझं खासगी खातं होतं. लॅपटॉपवर वाचनालयाचं आणि माझं अशी दोन खाती आहेत, पण आठवणपत्रांचा माझ्या खात्याशी काडीचाही संबंध नाही.

इथे मेलच्या कारभारातली एक मूळ गोष्ट समजून घ्यावी लागते. मेलमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता दोनदा असतो. एक पत्राच्या आत, ‘फ्रॉम’ या ओळीत; वाचणाऱ्याला दिसतो तो हा. दुसरा पाकिटावर, दोन सर्व्हर एकमेकांशी बोलतात तेव्हा ‘मेल फ्रॉम’ म्हणून सांगितला जातो तो. जॉन पोस्टेल यांनी १९८२मध्ये मेल पोचवण्याचे नियम लिहिले तेव्हापासून हे असंच आहे. मी कार्यवाह काकांना हे समजावत होते, तर त्यांनी मला अर्ध्यावरच थांबवलं. त्यांची उभी नोकरी टपालात गेली. म्हणाले, “अगं, यात नवीन काय? घेणारा सापडला नाही की पाकिटाच्या मागे ज्याचा पत्ता त्याच्याकडे परत. आत लेटरहेड कोणाचंय ते पोस्टमन फोडून बघतो होय?” याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. मेल परत फिरते ती पाकिटावरच्या पत्त्याकडे आणि सर्व्हर हक्क तपासतो तोही आधी पाकिटावरचा.

मटमध्ये या दोघांना जोडणारी सेटिंग म्हणजे ‘यूज_एन्व्हलप_फ्रॉम’. मुळात ती बंद असते. ती ‘येस’ केली की मट पत्रातला ‘फ्रॉम’ उचलतो आणि पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला ‘-एफ’च्या पुढे देतो, म्हणजे पाकिटावर तोच लिहितो. आमच्या फाइलीत ती ‘येस’ होती. एमएसएमटीपी तो ‘-एफ’ बघतो, आपल्या फाइलीतल्या ज्या खात्याचा पत्ता त्याच्याशी जुळेल ते खातं निवडतो, आणि कुठलंच जुळलं नाही तर ‘डीफॉल्ट’ म्हणून नेमलेलं वापरतो. आमच्याकडे डीफॉल्ट माझं. साखळी अशी लागली: पत्रातच चुकीचा ‘फ्रॉम’, म्हणून पाकिटावर चुकीचा, म्हणून खातं चुकीचं, म्हणून माझ्या खात्याच्या सर्व्हरचा नकार. सर्व्हरने आपलं काम चोख केलं होतं.

मग प्रश्न उरला तो मुळाचा. हाताने पाठवलं तर पत्ता बरोबर आणि क्रॉनने पाठवलं तर चुकीचा, हे कसं? फाइल तर एकच.

सेटिंग चाळत बसण्याऐवजी मी मट नेमकं काय बाहेर देतो ते पकडायचं ठरवलं. मटमध्ये ‘सेंडमेल’ नावाची सेटिंग असते. तयार पत्र कोणत्या प्रोग्रॅमच्या हाती द्यायचं ते तिथे लिहितात. तिथे मी एमएसएमटीपीऐवजी माझी एक चिमुकली स्क्रिप्ट नेमली. तिच्यात कामाच्या दोनच ओळी. पहिली, मटने ज्या सूचना दिल्या त्या जशाच्या तशा एका फाइलीत लिहिते. दुसरी, ‘कॅट’ ही मजकूर जसाच्या तसा पुढे देणारी आज्ञा वापरून अख्खं पत्र दुसऱ्या फाइलीत ओतते. मेल कुठेही जात नाही, सभासदांना त्रास नाही आणि पाकीट व पत्र दोन्ही आपल्या टेबलावर. हाताने चालवलं: ‘-एफ’पुढे वाचनालयाचा पत्ता. क्रॉनमधून चालवलं: ‘-एफ’पुढे लॅपटॉपचं नाव. आता अंदाजाला जागाच राहिली नाही. हा उपाय मला इतका आवडतो, की पत्त्याचा कुठलाही घोळ असो, पहिल्यांदा हेच करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

मटला सरळ विचारताही येतं. ‘मट -क्यू फ्रॉम’ असं टर्मिनलमध्ये लिहिलं (यातला क्यू मोठ्या लिपीतला) की त्या सेटिंगची आत्ताची किंमत छापून येते. माझ्या टर्मिनलमध्ये वाचनालयाचा पत्ता आला. मग तीच आज्ञा ‘एन्व्ह -आय’ लावून, होम फोल्डरचा पत्ता तेवढा ठेवून बाकी भोवतालची सगळी माहिती काढून टाकून चालवली. अवतरणचिन्हांच्या मधे काहीच नाही. रिकामं.

मटची फाइल पुन्हा बघितली तर तिच्यात ‘सेट फ्रॉम’ अशी ओळच नव्हती. मग इतकी वर्षं पत्ता येत कुठून होता? मटच्या माहितीपुस्तिकेत उत्तर आहे: ‘फ्रॉम’ दिलेला नसेल तर मट शेलमधला, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममधला, ‘ईमेल’ नावाचा व्हेरिएबल बघतो. व्हेरिएबल म्हणजे नावानिशी ठेवलेली माहिती; हे नाव मोठ्या लिपीत लिहायचं. आमचा पत्ता तिथे होता, होम फोल्डरमधल्या ‘.प्रोफाइल’ या फाइलीत. लॉगिन केलं की ती फाइल वाचली जाते, म्हणून मी बसले की पत्ता बरोबर. क्रॉन मात्र लॉगिन करत नाही, तो ‘.प्रोफाइल’ वाचत नाही. त्याला व्हेरिएबल मिळाला नाही, आणि तोही नसला की मट लॉगिनचं नाव व यंत्राचं नाव जोडून पत्ता बनवतो.

उपाय करताना दोन वाटा होत्या. क्रॉनलाही तो व्हेरिएबल द्यायचा, किंवा पत्ता फाइलीतच लिहायचा. मी दुसरी घेतली. पत्त्यासारखी महत्त्वाची गोष्ट कोण कुठून चालवतंय यावर अवलंबून राहू नये. आठवणपत्रांसाठी मटची वेगळी छोटी फाइल केली. स्क्रिप्ट आता ‘-एफ’ देऊन मटला तीच वाचायला लावते. (मटचा हा ‘-एफ’ मोठ्या लिपीतला, मघाचा लहान, घोटाळा करू नका.) तिच्यात ‘फ्रॉम’ वाचनालयाचा, ‘यूज_एन्व्हलप_फ्रॉम’ येस, आणि ‘सेंडमेल’च्या ओळीत एमएसएमटीपीला ‘-ए’ देऊन वाचनालयाचं खातं नावानिशी सांगितलेलं. पत्ता जुळवून खातं शोधण्याची भानगडच नको.

‘माय_एचडीआर फ्रॉम’ असं लिहूनही पत्रातला पत्ता पक्का करता येतो आणि पुष्कळ जण तसंच करतात. दोन पत्ते वापरणाऱ्याने मात्र ते टाळावं. तो बाकी सगळ्यांवर मात करतो, त्यामुळे उत्तर देताना पत्ता आपोआप बदलण्याची मटची सोय मग चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठवणपत्रं गेली. लॉगमध्ये सगळीकडे २५०, म्हणजे स्वीकारलं. मी खूश. आणि दुपारी बदलापूरच्या एका सभासदांचा फोन: “तुमच्याकडून काहीतरी आलंय, पण नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. मुलगा म्हणतो उघडू नका, फ्रॉड असेल.” मुलाचं म्हणणं अगदी बरोबर. ज्येष्ठांना आपणच तर सांगत असतो की अनोळखी नावाची मेल उघडू नका. वाचनालयाचं नाव देवनागरीत दिसणं ही आमच्या सभासदांसाठी ओळख आहे. त्यावरच तर ते पत्र उघडतात.

मेलच्या वरच्या ओळी मुळात फक्त इंग्रजी अक्षरांसाठी होत्या. देवनागरी नाव पाठवायचं तर ते एका ठरलेल्या पद्धतीने गुंडाळून पाठवावं लागतं आणि वेष्टणावर लिपीची संकेतप्रणाली लिहावी लागते; आपल्यासाठी यूटीएफ-८. मट ते स्वतः करतो. मी ती मेल स्वतःकडे मागवून कच्च्या रूपात उघडली. यूटीएफ-८ हवं तिथे ‘अननोन-८बिट’ लिहिलेलं. मटला अक्षरं कुठल्या प्रणालीतली आहेत हेच कळलं नव्हतं.

तेव्हा पुण्याला फोन लावला. त्याने ऐकलं आणि लगेच म्हणाला, “ताई, क्रॉनटॅबच्या डोक्यावर दोन ओळी होत्या ना? एक ‘ईमेल’ची, एक ‘लँग’ची.” क्रॉनटॅब म्हणजे क्रॉनच्या कामांची यादी. छापील कागदावर फक्त वेळ आणि आज्ञा असलेली ओळ होती, डोक्यावरच्या दोन त्यात नव्हत्या. आणि क्रॉनटॅब होम फोल्डरमध्ये राहत नाही. ती ‘व्हार’मधल्या ‘स्पूल’ या फोल्डरखाली असते, त्यामुळे होमची प्रत कितीही इमानदारीने घेतली तरी ती त्यात येत नाही. जुन्या डिस्कबरोबर ती गेली होती. ‘लँग’ म्हणजे भाषा व लिपीची निवड. ती नसली की यंत्र साध्या इंग्रजी अक्षरांपुरतं बघतं. क्रॉनटॅबमध्ये वर ‘लँग’पुढे ‘सी.यूटीएफ-८’ लिहिलं (हीही मोठ्या लिपीत) आणि नाव स्वच्छ देवनागरीत उमटलं. आता क्रॉनटॅबची प्रत रोज होम फोल्डरमध्ये उतरते. ‘क्रॉनटॅब -एल’ने ती फाइलीत घेता येते.

स्पॅमची तपासणी त्याच ओघात उरकली. मोठ्या सेवांकडे पोचलेल्या मेलचं पूर्ण हेडर, म्हणजे वरच्या सगळ्या ओळी, उघडलं की ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ ही ओळ दिसते. तिच्यात मेल बनावट नाही ना हे बघणाऱ्या तीन तपासण्यांचा निकाल असतो. एसपीएफ पाकिटावरचा पत्ता तपासतो, डीकेआयएम सही तपासतो आणि डीमार्क बघतो की यातल्या एकाचं तरी डोमेन (पत्त्यातला अ‍ॅटच्या पुढचा भाग) पत्रात दिसणाऱ्या ‘फ्रॉम’शी जुळतंय. तिन्ही ठिकाणी ‘पास’ होतं. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहूने पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले. रोज ५००० मेल पाठवणाऱ्यांवरच्या जास्तीच्या अटी आम्हाला लागत नाहीत, पण पाकीट आणि पत्र एका डोमेनचं असावं हे लहानांनीही पाळण्यात हित आहे.

राहिली उत्तरं. मोकळ्या वेळात मी माझी खासगी मेलही तिथेच बघते आणि तिची उत्तरं वाचनालयाच्या नावाने जात होती. त्यासाठी ‘ऑल्टरनेट्स’मध्ये आपले सगळे पत्ते लिहायचे आणि ‘रिव्हर्स_नेम’ येस करायचं. मग ज्या पत्त्यावर मेल आली त्याच पत्त्याने उत्तर जातं. ‘ऑल्टरनेट्स’ नसेल तर ‘रिव्हर्स_नेम’ला आपले पत्ते ओळखता येत नाहीत. जोडीला ‘रिव्हर्स_रिअलनेम’ ‘नो’ करावं, कारण एरवी समोरच्याने आपल्याला ज्या नावाने जतन केलंय तेच नाव उत्तरावर लागतं. एका सभासदाच्या फोनमध्ये आम्ही ‘पुस्तकवाल्या काकू’ आहोत आणि कार्यवाहांच्या सहीचं पत्र त्या नावाने जाऊ लागलं होतं. एखाद्याच पत्राचा पत्ता बदलायचा असेल तर पाठवण्याआधीच्या पडद्यावर एस्केप दाबून मग एफ दाबायचं.

अल्पाइन वापरणाऱ्यांसाठी थोडं. मटसारखाच टर्मिनलमध्ये चालणारा हा मेल प्रोग्रॅम, जुन्या पाइनचा वारसदार. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने देशात इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा शेल खातं, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर चालणारं खातं, घेतलेल्या पुष्कळांनी मेल वाचली ती याच पाइनमध्ये. मुंबईत अशी माणसं अजून पुष्कळ भेटतील. त्यात पत्त्याचं काम सेटअपमधल्या ‘रोल्स’ने होतं: कुठल्या पत्त्यावर आलेल्या मेलला कोणाच्या नावाने उत्तर द्यायचं, ते तिथे ठरवायचं.

पाकिटावर आता वाचनालयाचाच पत्ता असल्यामुळे न पोचलेली आठवणपत्रं वाचनालयाच्या पेटीत परत येतात. त्यातून कोणाचे पत्ते बंद पडलेत ते समजलं. कोणी नोकरीतून निवृत्त झाल्यावर कचेरीचा पत्ता गेला, कोणाची पेटी भरून वाहते आहे. कॉलेजचा मुलगा संध्याकाळी रजिस्टर घेऊन बसतो आणि त्यांना एकेक फोन करून नवा पत्ता लिहून घेतो. दिवाळी अंकांची मुदत संपत आलेल्यांपासून सुरुवात केली आहे.